करपण्याच्या अलीकडे

गोंदियाजवळच्या नागझिऱ्याच्या जंगलात ऐन, धावडा, तेंदू यांच्या सोबतीने बीजा उभा असतो. सालीला इजा झाली की त्यातून लाल डिंक गळतो, आणि गाभ्याच्या लाकडाचे पेले कातून मधुमेहावरचा उपाय म्हणून विकले जातात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं, एवढंच त्याचं शास्त्र. औषधाचा भाग वैद्यांकडे सोपवू. डोळ्यांसाठी त्यात जे आहे ते पाहायला मात्र विसरू नये. ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून खिडकीकडे धरलं की मधासारखं तपकिरी दिसतं. ग्लासामागे काळं कापड धरून ऊन बाजूने येऊ दिलं की पाण्याच्या कडेला निळसर झाक उमटते. पाणी तेच. पहिला रंग आरपार आलेल्या उजेडाचा, दुसरा पाण्याने गिळून परत दिलेल्या उजेडाचा.

सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने मेक्सिकोहून आलेल्या एका औषधी लाकडाच्या पाण्यात अशीच निळाई १५६५ मध्ये नोंदवून ठेवली. पुढे फिलिपिन्समधून त्याच नावाने युरोपात जाऊ लागलेलं लाकूड तर आपल्या बीजाच्याच कुळातलं होतं. या गुणाला प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुरोसन्स, हे नाव मिळायला मात्र केंब्रिजचा जॉर्ज स्टोक्स आणि १८५२ साल उजाडावं लागलं. पदार्थ जास्त ऊर्जेचा उजेड घेतो, थोडी ऊर्जा स्वतःत जिरवतो आणि उरलेली लांब तरंगलांबीच्या उजेडाच्या रूपाने परत करतो. जांभळं घेऊन निळं द्यायचं, निळं घेऊन लाल द्यायचं. उलट सहसा होत नाही.

झाडांच्या अंगचा हा गुण घेऊन जिवंत पेशीच्या आत दिवे लावता येतील का, हा आपल्या काळाचा प्रश्न. त्याचं एक देखणं उत्तर महाराष्ट्रातच लिहिलं गेलं. मुंबईच्या आयआयटीत रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेतून २०१७ मध्ये एक शोधनिबंध बाहेर पडला. मुकेश कुमार कुमावत पहिले लेखक, मुकेशचंद ठाकूर आणि इतर सहकारी सोबत. आंब्याच्या पानांपासून ग्राफीनचे क्वांटम डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म चमकते ठिपके, करायचे. त्यांनी जिवंत पेशी उजळायच्या आणि वर त्याच पेशीचं तापमान वाचायचं, असा त्याचा विषय. शोधनिबंधाचं कोणी रसग्रहण करत नाही. पण या निबंधात कारागिरी आहे, आणि ती वरवर वाचणाऱ्याच्या हातून निसटते. म्हणून हा प्रपंच.

पार्श्वभूमी थोडक्यात. कार्बनचे चमकते कण योगायोगाने सापडले. २००४ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात कार्बनच्या नळ्या शुद्ध करताना काजळीतून वेगळे झालेले काही पट्टे अतिनील दिव्याखाली चमकले. त्याआधीपासून गाजत होते ते कॅडमियमसारख्या धातूंचे क्वांटम डॉट. त्या शोधासाठी एकिमोव्ह, ब्रस आणि बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते झळाळते खरे, पण कॅडमियम विषारी. जिवंत पेशीत दिवा लावायचा आणि त्या दिव्याच्याच धुराने पेशी मारायची, याला अर्थ नाही. कार्बनकडे सगळे वळले ते म्हणून. आयआयटीतल्या मंडळींना हा वारसा घरातच होता: तिथेच महेश्वर शरोन यांनी नव्वदच्या दशकात कापरापासून कार्बनचे सूक्ष्म गोलक तयार केले होते. पूजेच्या तबकातला कापूर कार्बनचा कच्चा माल म्हणून कोणाला सुचावा, याचंही कौतुक वाटतं.

पहिली दाद पानाच्या निवडीला. वनस्पतीपासून ठिपके करण्याची लाट एव्हाना देशभर आली होती. २०१२ मध्ये राउरकेल्याच्या मंडळींनी संत्र्याचा रस बंद भांड्यात १२० अंशांवर अडीच तास तापवून चमकते ठिपके मिळवले आणि त्यांनी पेशी उजळून दाखवल्या. मग कोथिंबीर आली, लसूण आला, दूध आलं. खरं सांगायचं तर या लाटेतला बराच माल नुसत्या पाककृतींचा आहे. नवी भाजी, तेच पातेलं, तोच निळा उजेड, आणि शेवटी एक पेशींचं छायाचित्र. अशा निबंधांत भाजी बदलली तर काही बिघडत नाही. भाजीचा निबंधाशी संबंध बाजारापुरता असतो. मुंबईच्या निबंधात आंब्याचं पान काढून घेता येत नाही. ते पान हिरवं आहे, आणि शेवटी मिळणारा उजेड लाल आहे. या दोन गोष्टींचं नातं काय, हा निबंधातला सगळ्यात मजेदार धागा. त्याकडे पुढे येतो. सध्या एवढंच लक्षात घ्यावं की पानात कार्बन आहे, कार्बनच्या कडेला बसायला ऑक्सिजनचे गट आहेत, थोडं नायट्रोजन आहे, मँगिफेरीनसारखी पॉलिफेनॉल आहेत. बाहेरून वेगळं अॅसिड किंवा लेप आणायची गरज फारशी उरत नाही. गोंदियाच्या कुठल्याही बांधावर वर्षभर मिळणाऱ्या वस्तूत सगळं शिधासामान आधीच भरलेलं असणं, आणि ते ओळखून त्यात भर न घालणं, ही पहिली हातोटी.

दुसरी गोष्ट आंच. आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचा जीव इथेच आहे. पान पुरतं जाळलं की राख, हवा बंद करून जाळलं की कोळसा. कोळशात कार्बन भरपूर, पण तो चमकत नाही. पत्र्यांवर पत्रे चढून त्याचे मोठे थर होतात, आणि घेतलेली ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन विरते. कच्चा अर्क ठेवला तर त्यात ठिपकेच नसतात. हवी ती अवस्था या दोहोंच्या मधे, फार थोडा वेळ टिकणारी. पाकाला एक तार येऊन दुसरी यायच्या आत कढई उतरवणाऱ्या हलवायाला ही वेळ समजावून सांगावी लागणार नाही. साखर तपकिरी होताना नेमकं हेच घडत असतं. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पाव, बिस्किटं, कॉर्नफ्लेक्स आणि चक्क गूळ तपासून त्यांत चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण दाखवले. म्हणजे कोल्हापूरचा गुळव्या पिढ्यान्‌पिढ्या हा माल तयार करतो आहे. फक्त त्याला अतिनील दिव्याखाली पाहायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मुंबईच्या मंडळींनी आंच दिली ती मायक्रोवेव्हची. हा तपशील सोयीचा म्हणून वाचून पुढे जाऊ नये. चुलीवर पातेलं आधी तापतं, मग तळाचा अर्क, मग वरचा; तळाचा करपेपर्यंत वरचा कोमट असतो. मायक्रोवेव्हमध्ये सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तनं करणारं विद्युत क्षेत्र अर्कातल्या ध्रुवीय रेणूंना जागच्या जागी हलवत राहतं. अर्क सगळीकडून एकदम तापतो. कणांची बीजंही सगळीकडे एकदमच धरतात, आणि कच्चा माल इतक्या बीजांत वाटला गेल्यामुळे कुठलाच कण फार वाढू शकत नाही. मोठे होण्याआधीच सामग्री संपते. घरात दूध तापवायच्या यंत्रातून काही मिनिटांत एवढी शिस्त मिळवायची, आणि ती करपण्याच्या एक पाऊल अलीकडे थांबवायची. वाचताना मला या जागेवर थांबावंसं वाटतं.

मग गाळणं. निबंधांत हा परिच्छेद लहान अक्षरांत, कर्मणी प्रयोगात आणि अत्यंत नीरस लिहिलेला असतो, त्यामुळे वाचक तो ओलांडतो. पण शुद्धता इथे ठरते. मोठा गाळ फिरवून खाली बसवायचा, जिवाणूही अडतील अशा बारीक छिद्रांच्या पडद्यातून उरलेलं गाळायचं, आणि गरज पडली तर पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात सोडायचं, म्हणजे लहान रेणू बाहेर निघून जातात आणि ठिपके आत राहतात. या शेवटच्या पायरीत हयगय झाली तर पुढचा सारा निबंध संशयाच्या सावलीत जातो. कारण मग चमकतंय ते ठिपक्यामुळे की त्याच्यासोबत राहून गेलेल्या एखाद्या साध्या रेणूमुळे, हे सांगता येत नाही. या क्षेत्रात असं अनेकदा उघडकीला आलं आहे. सायट्रिक अॅसिडपासून केलेल्या कितीतरी ‘झगमगत्या ठिपक्यां’चा बराचसा उजेड लहान सेंद्रिय रेणूंचा होता, असं नंतरच्या तपासण्यांनी दाखवलं. म्हणून जाणकार वाचक निकालाचं चित्र पाहण्याआधी गाळणीचा परिच्छेद वाचतो.

गाळून जे उरलं त्याचा आकार २ ते ८ नॅनोमीटर. डीएनएच्या पिळाची रुंदी २ नॅनोमीटर असते. तेव्हा सर्वांत लहान ठिपका त्या पिळाएवढा आणि सर्वांत मोठा चार पीळ शेजारी ठेवल्याएवढा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात हे राखाडी पार्श्वभूमीवरचे काळसर ठिपके दिसतात, फारसे प्रेक्षणीय नाहीत. डोळा न्यावा तो कोपऱ्यातल्या मोठ्या करून दाखवलेल्या चौकोनाकडे. अशा चौकोनात चांगल्या ठिपक्याच्या आत समांतर रेघा दिसतात, बहुधा सुमारे ०.२१ नॅनोमीटर अंतराच्या. त्या रेघा म्हणजे ग्राफाइटच्या जाळीतल्या अणूंच्या ओळी. पानाचा लगदा होता तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी उभी राहिली, याचा पुरावा तेवढ्या अंगुळभर चौकोनात असतो. या जाळीचे लहान तुकडे इलेक्ट्रॉनला कोंडून धरतात. कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या दूर-दूर होतात, आणि त्या पायऱ्यांवरून उतरताना उजेड निघतो.

आता रंग. निबंधातला सर्वांत सुंदर आलेख कुठला, असं कोणी विचारलं तर मी प्रतिदीप्तीच्या रेषांकडे बोट दाखवीन. वनस्पतीपासून केलेले बहुतेक ठिपके निळे चमकतात, आणि त्यांच्यावर टाकलेल्या उजेडाचा रंग बदलला की त्यांचाही रंग सरकतो. जांभळा टाका, निळा मिळेल. निळा टाका, हिरवा मिळेल. आलेखात रेषांची टेकाडं एकामागे एक उजवीकडे घसरत जातात. दिसायला हे छान, वापरायला गैरसोयीचं. आंब्याच्या ठिपक्यांच्या रेषा घसरत नाहीत. काहीही टाका, टेकाड उभं राहतं ते ६५० ते ७५० नॅनोमीटरमध्ये, गडद लालापासून डोळ्याला न दिसणाऱ्या टापूच्या उंबरठ्यापर्यंत. रेषांची उंची कमीजास्त होते, शिखराची जागा तीच.

हा लाल रंग चैनीचा नाही. जिवंत पेशी स्वतःही चमकते. तिच्यातलं एनएडीएच नावाचं द्रव्य निळसर उजेड देतं, फ्लेव्हिन नावाची द्रव्यं हिरवट. निळा ठिपका पेशीत सोडला की तो या घरच्या उजेडात हरवतो, आणि छायाचित्रातली चमक ठिपक्याची की पेशीची हे ठरवताना डोकं फिरतं. लाल टापूत पेशी जवळजवळ काळोखी असते. तिथे ठिपका एकटा दिसतो. आणि गोंदियाच्या माणसाला याचं आणखी एक कारण सहज कळावं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल हा घराघरांत माहीत असलेला आजार आहे. रक्ताच्या काचपट्ट्या इथल्या आरोग्य केंद्रांना नव्या नाहीत. त्या लाल पेशी भरलेल्या असतात हिमोग्लोबिनने, आणि हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा उजेड अधाशासारखा गिळतं, हिरव्या-पिवळ्याचाही बराच भाग घेतं. ६०० च्या पुढे त्याची भूक मंदावते. रक्त लाल दिसतं ते याच कारणाने. तेव्हा रक्तातून, मांसातून, कातडीतून बाहेर यायचं असेल तर उजेडाने लाल व्हावं हे बरं. ६५० ते ७५० हा टापू म्हणजे शरीराने उघडी ठेवलेली खिडकी, आणि आंब्याच्या पानाचा ठिपका नेमका तिच्यात उभा आहे.

इतकं नेमकं जुळतं तेव्हा रसिकाने थोडं सावधही व्हावं. पानाच्या अर्कात हरितद्रव्य असतं आणि हरितद्रव्य स्वतः लाल चमकतं, ६७० च्या आसपास. खात्री हवी असेल तर कुठल्याही हिरव्या पानाचा अल्कोहोलमधला अर्क अतिनील टॉर्चखाली धरा; हिरवा द्रव रक्तासारखा लाल पेटतो. मग आंब्याच्या ठिपक्यांचा लाल रंग कोणाचा? नव्या जाळीचा, की हरितद्रव्याच्या वलयाचा, जे आंच सोसून ठिपक्याच्या अंगाला चिकटून राहिलं? शिखराची जागा न हलणं हेही एकाच प्रकारच्या रेणूचं लक्षण असू शकतं. पानांपासून केलेल्या लाल ठिपक्यांभोवती हा प्रश्न कायम घोटाळतो. माझा कल असा: उजेडात पानाचं हरितद्रव्य लवकर विटतं, तर चांगला ठिपका लेझरखाली बराच वेळ तग धरतो. टिकाऊपणाचा आलेख म्हणून तर अशा निबंधात आकाराच्या चित्रापेक्षा जास्त बोलका. आणि समजा हरितद्रव्याचा अंश खरोखरच जाळीत गुंतून राहिला असेल, तर त्यात कमीपणा कसला? आंच वेळेवर थांबवण्याचा अर्थच पानाचा काही गुण शाबूत राहू देणं हा आहे.

उजेड किती, हे मोजायची रीतही सांगून जावी, कारण त्यात एक झाड दडलेलं आहे. घेतलेल्या प्रत्येक शंभर प्रकाशकणांमागे किती परत दिले, याला क्वांटम यील्ड म्हणतात. निळ्या ठिपक्यांसाठी ही मोजणी एका ठरलेल्या मापाशी ताडून करतात: सौम्य गंधकाम्लातलं क्विनाइन सल्फेट, ज्याचं यील्ड सुमारे ५४ टक्के धरतात. हिवतापावरचं हे जुनं औषध सिंकोनाच्या सालीतून येतं, आणि त्याच्याच निळ्या झाकेने स्टोक्सला १८५२ च्या अभ्यासाकडे खेचलं होतं. राउरकेल्याच्या संत्र्याच्या ठिपक्यांचं यील्ड २६ टक्के निघालं. प्रयोगशाळेत फळाचा उजेड सालीच्या उजेडाने तोलला जातो, आणि आकड्यांच्या तक्त्यात याचा मागमूसही राहत नाही.

आता पेशीकडे. मुंबईच्या निबंधातली पेशी आहे एल९२९, उंदराच्या संयोजी ऊतीतली. अमेरिकेत १९४० मध्ये विल्टन अर्ल यांनी हा वंश सुरू केला आणि १९४८ मध्ये त्यातली एकच पेशी वेगळी वाढवून ही शाखा निघाली. सत्तरहून अधिक वर्षं ताटलीत वाढत आलेली ही पेशी पाहुण्यांना सरावलेली. औषधं, धातू, प्लास्टिक, सगळ्यांची पहिली परीक्षा तिच्यावर होते. ठिपक्यांचीही झाली. मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकं प्रमाण देऊनही पेशी धडधाकट राहिल्या. विषबाधेची अशी चाचणी बहुतेक ठिकाणी एमटीटी नावाच्या पिवळ्या क्षाराने करतात. जिवंत पेशी या पिवळ्याचे जांभळे स्फटिक करते, मेलेली करू शकत नाही. जांभळं जितकं गडद तितक्या पेशी जिवंत. म्हणजे इथेही साक्ष रंगाचीच.

छायाचित्र पाहताना नवखा वाचक उजळ भाग पाहतो. जाणकाराने काळा भाग पाहावा. वनस्पतीपासून केलेले बहुसंख्य ठिपके पेशीच्या पडद्यात गुंडाळले जाऊन आत शिरतात आणि पेशीद्रवात पसरतात. मधला केंद्रक तेवढा अंधारा राहतो. उजळ कड्यातला तो काळा गोल हेच खरं प्रमाणपत्र. मेलेल्या, पडदा फाटलेल्या पेशीत रंग कुठेही घुसतो. इथे पेशीने पाहुण्याला ओसरीवर घेतलं, देवघरात घेतलं नाही.

याच प्रयोगशाळेने त्याच वर्षी दुसरा निबंध प्रसिद्ध केला, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात खरी गोडी आहे. तिथे आंब्याच्या पानाऐवजी द्राक्षाच्या बियांचा अर्क, आंच तीच मायक्रोवेव्हची. आणि हे ठिपके सरळ केंद्रकात जाऊन बसले. केंद्रकाची वाट दाखवणारा कुठलाही रेणू त्यांच्या अंगावर मुद्दाम चढवलेला नव्हता. केंद्रकाच्या भिंतीतल्या छिद्रांतून ओळखपत्राशिवाय जायची मर्यादा साधारण ५ ते ९ नॅनोमीटर. म्हणजे बारीक ठिपक्याला दार उघडं असतं. पण दार उघडं असणं वेगळं आणि आत जाऊन राहावंसं वाटणं वेगळं. ते ठरतं पृष्ठभागावरच्या गटांनी, आणि ते गट आले बियांतून. रीत जवळपास तीच ठेवून झाड बदललं, आणि दिवा पेशीच्या दुसऱ्या खोलीत लागला. पाककृतींच्या लाटेवर माझा जो राग आहे तो इथे विरघळतो. भाजी बदलल्याने काही तरी खरोखर बदललं, हे दाखवणारी ही जोडी आहे.

तापमापकाचा भाग मी निबंधाचा कळस मानतो, जरी लेखकांनी तो शेवटी आणि थोडक्यात मांडला असला तरी. ठिपका तापला की त्याच्या आतली थरथर वाढते. घेतलेली ऊर्जा उजेड होण्याआधीच थरथरीत खर्च होते आणि चमक उतरते. इतर कुठे हा दोष ठरला असता. लेखकांनी त्यालाच मोजपट्टी केलं. चमक किती उतरली ते पाहून पेशीच्या आतलं तापमान वाचायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पूर्व विदर्भातल्या माणसाला अंगाबाहेरचं तापमान सांगायची गरज नसते. पण एका पेशीच्या आत, काही मायक्रॉनच्या जागेत, किती ऊब आहे हे सांगणारं साधन कुठल्याही काचेच्या नळीत मावणारं नव्हतं. ते आंब्याच्या पानात मावलं.

याच चमूचं उंबराच्या वाळून गळलेल्या पानांचं कामही आहे, तेही २०१७ चं. त्या ठिपक्यांनी पेशी दाखवायची आणि लेझर टाकून कर्करोगाच्या पेशी तापवून मारायची, अशी दुहेरी योजना. कल्पना चांगली आहे, पण एकाच निबंधात दिवा, शेगडी आणि शस्त्र तिन्ही आलं की प्रत्येकाला थोडी कमी जागा मिळते. मला आंब्याचा निबंध अधिक सुटसुटीत वाटतो. गोंदियाला जवळचं असं आणखी एक काम चीनमध्ये २०१६ मध्ये झालं, धानाच्या तुसाचं. इथल्या राइस मिलच्या आवारात तुसाचे डोंगर असतात आणि बरंचसं तूस बॉयलरमध्ये जातं. त्या संशोधकांनी तुसातला कार्बन ठिपक्यांत उतरवला आणि मागे उरलेल्या सिलिकेपासून सच्छिद्र नॅनोपदार्थ केला. तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते, हे मिलवाल्याला ठाऊक आहे. पण एकाच मुठीतून उजेड आणि वाळू, दोन्ही वेगवेगळी आणि कामाची काढणं ही सफाई वेगळ्याच दर्जाची.

जाता जाता २ ते ८ हा आकडा पुन्हा वाचावा. २००७ मध्ये बोस्टन परिसरातल्या संशोधकांनी धातूंचे क्वांटम डॉट उंदीर वर्गातल्या प्राण्यांत सोडून पाहिलं की सुमारे ५.५ नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडतात, मोठे यकृतात आणि इतरत्र रेंगाळतात. आंब्याच्या ठिपक्यांची यादी या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. ताटलीतल्या एल९२९ ला मूत्रपिंड नसतं, त्यामुळे तिथे हा भेद पडला नाही. पुढचं काम ज्याला करायचं असेल त्याने आंब्याचं पान आणि आंच तशीच ठेवावी आणि फक्त गाळणी बारीक करावी: ५.५ च्या खालचे एका कुपीत, वरचे दुसरीत. शिखर खरोखरच जागचं हलत नसेल तर दोन्ही कुप्या सारख्याच लाल दिसायला हव्यात. आणि एक कुपी लाल, दुसरी फिकी निघाली, तर हरितद्रव्याचा तो जुना प्रश्नही त्याच टेबलावर सुटेल.